आधी रेषा, मग यंत्र

गवंडी भिंत बांधावयास घेतो, तेव्हा पहिली वीट ठेवण्यापूर्वी तो दोरी ताणतो. सुतार फळीला करवत लावण्यापूर्वी गुण्या ठेवून पेन्सिलीने रेघ मारतो. शिंपीही कापडावर खडूने खुणा केल्यावाचून कात्री हाती घेत नाही. या तिघांचे व्यवसाय निराळे, हत्यारे निराळी. परंतु एक गोष्ट तिघेही जाणतात. रेघ चुकली तर ती पुसता येते. कापलेले कापड आणि चिरलेली फळी मात्र पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणूनच कुशल कारागिराच्या हातात कापण्याच्या हत्याराआधी आखण्याचे साधन येते.

हाच नियम यंत्रे बनविणाऱ्यांनाही लागू आहे. अलीकडे अनेक शाळांतून विद्यार्थ्यांचे संघ रोबो, म्हणजे यंत्रमानव, तयार करू लागले आहेत. अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ नावाची संस्था स्थापन केली. मुलांना खेळाच्या मैदानाप्रमाणेच यंत्रशाळेचीही ओढ लागावी, हा तिचा हेतू होता. तिच्या स्पर्धांपैकी ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ ही स्पर्धा भारतातही घेतली जाते. या स्पर्धेच्या एका संघात जास्तीत जास्त १५ विद्यार्थी असतात. दर वर्षी सप्टेंबर महिन्यात नवा खेळ जाहीर होतो आणि तो खेळू शकेल असे यंत्र काही महिन्यांत उभे करावयाचे असते. सामना सुरू होताना ते यंत्र १८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १८ इंच उंच अशा जागेत मावले पाहिजे, असा दंडक आहे. पहिली ३० सेकंदे यंत्र स्वतःच्या आज्ञावलीनुसार चालते. त्यानंतर दोन मिनिटे विद्यार्थी ते दुरून चालवितात.

दिवस थोडे, पैसा बेताचा आणि जागा मोजकी अशा परिस्थितीत उत्साही विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी पत्रा कापावासा वाटतो. कापलेला तुकडा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. त्यामुळे काम पुढे सरकल्याचे समाधान मिळते. परंतु एक छिद्र चार मिलिमीटर बाजूला पडले की तो तुकडा वाया जातो. त्याच्याबरोबर एक संध्याकाळही जाते, आणि मोसम संपत आला असताना संध्याकाळ ही पत्र्याहून महाग असते. यासाठी जाणते संघ प्रथम यंत्र संगणकाच्या पडद्यावर उभे करतात. संगणकाच्या साहाय्याने आराखडा करण्याच्या या विद्येला ‘कॅड’ असे सुटसुटीत नाव आहे.

ही विद्या नवी दिसली, तरी तिची मुळे जुनी आहेत. लांबी, रुंदी आणि उंची असलेली वस्तू सपाट कागदावर अचूक कशी उतरवावी, हा प्रश्न शिल्पकारांना व स्थापत्यकारांना फार पूर्वीपासून पडलेला होता. अठराव्या शतकात गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने त्याचे पद्धतशीर उत्तर दिले. तो मेझियेर येथील लष्करी विद्यालयात असताना किल्ल्याच्या तटबंदीची आखणी करण्याचे काम त्याच्याकडे आले. पूर्वी या कामासाठी लांबलचक आकडेमोड करावी लागे. मोंजने ती टाळून केवळ भूमितीच्या आधारे उत्तर काढले. ते इतक्या लवकर हाती आले, की वरिष्ठांचा त्यावर प्रथम विश्वासच बसेना. पद्धत खरी ठरल्यावर मात्र ती लष्करी गुपित म्हणून जपली गेली. १७९५ मध्ये पॅरिस येथे मोंजने ती उघडपणे शिकविली, आणि तेव्हापासून एकाच वस्तूची समोरून, वरून व बाजूने अशी दर्शने काढण्याची रीत जगभर रूढ झाली. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएट परीक्षेत विद्यार्थी घनभूमिती सोडवितात, तेव्हा ते मोंजच्याच वाटेवरून चालत असतात.

कागदावरील आराखड्यात एक उणीव मात्र राहिली. कागदाला रेषेचा अर्थ कळत नाही. दोन रेषा समांतर असाव्यात, असे काढणाऱ्याच्या मनात असले तरी कागदावर उरतात त्या केवळ शाईच्या दोन खुणा. एक रेषा हलविली तर दुसरी आपण होऊन हलत नाही. सगळे खोडावे लागते आणि पुन्हा काढावे लागते.

ही उणीव दूर करण्याचा मार्ग १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने दाखविला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत पदवीसाठी प्रबंध लिहीत असताना त्याने ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली तयार केली. ‘टीएक्स-२’ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तीत चित्र काढता येत असे. प्रबंधाच्या आरंभीच सदरलँडने षट्कोनाचे उदाहरण दिले आहे. प्रथम सहा बाजूंची एक वेडीवाकडी आकृती काढावी. मग तिचे सर्व कोनबिंदू एका वर्तुळावर यावेत, अशी आज्ञा द्यावी; त्यानंतर सर्व बाजू समान व्हाव्यात, अशी दुसरी आज्ञा द्यावी. पाहता पाहता ती ओबडधोबड आकृती सरळ होऊन नियमित षट्कोन होते. येथे हाताची सफाई उपयोगी पडली नाही. उपयोगी पडला तो मनातला नेमका हेतू. ‘या बाजू समान असाव्यात’ हा हेतू संगणकाला सांगता आला आणि त्याने तो पाळला. आजची कॅडविद्या याच पायावर उभी आहे. सदरलँड यांना १९८८ मध्ये संगणकशास्त्रातील मानाचे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

आता ही विद्या प्रत्यक्ष कशी वापरतात, ते एका साध्या भागाच्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका शाळेच्या संघाला आपल्या यंत्रासाठी वस्तू उचलणारा हात बनवावयाचा आहे. मोटारीच्या दांड्यावर २० दात्यांचे लहान दंतचक्र आणि हाताच्या आसावर ६० दात्यांचे मोठे दंतचक्र बसवावयाचे आहे. दोन्ही चक्रांना धरून ठेवण्यासाठी ॲल्युमिनियमची एक पट्टी हवी. तिच्यात मोटारीच्या दांड्यासाठी एक आणि हाताच्या आसासाठी एक अशी दोन मुख्य छिद्रे लागतील.

पहिली पायरी म्हणजे रेखाटन. पडद्यावर परस्परांना काटकोनात छेदणारी तीन प्रतले असतात. त्यांपैकी एक निवडून त्यावर आयत काढावयाचा आणि आयताच्या आत दोन वर्तुळे काढावयाची. या वेळी आकार थोडाफार चुकला तरी बिघडत नाही. सदरलँडचा षट्कोनही प्रथम वेडावाकडाच होता.

दुसरी पायरी बंधनांची. ही रेषा आडवी राहावी, ही उभी राहावी, दोन्ही वर्तुळांचे मध्य आयताच्या मध्यरेषेवर यावेत, अशा अटी एकामागून एक घालावयाच्या. तिसरी पायरी मापांची. आयताची रुंदी ६० मिलिमीटर, छिद्राचा मध्य कडेपासून ३० मिलिमीटर, अशी मापे द्यावयाची. अटी आणि मापे पुरेशी झाली, की रेखाटनातील कोणतीही रेषा माउसने ओढली तरी जागची हलत नाही. बहुतेक प्रणालींत अशा वेळी रेषांचा रंग बदलतो आणि रेखाटन पूर्णपणे बांधले गेल्याची खूण पटते. नवशिके विद्यार्थी पुष्कळदा या पायरीचा कंटाळा करतात. चित्र दिसावयास बरोबर दिसते, मग आणखी अटी कशाला, असे त्यांना वाटते. परंतु न बांधलेले रेखाटन हे दोरी न ताणता रचलेल्या भिंतीसारखे असते. आज ते सरळ दिसते. उद्या एक माप बदलले, की भलतीकडेच कलते.

चौथी पायरी म्हणजे रेखाटनाला जाडी देणे. सपाट आयताला ३ मिलिमीटर उठाव दिला, की पडद्यावर पट्टी उभी राहते आणि ती उलटसुलट फिरवून सर्व बाजूंनी पाहता येते. त्यानंतर स्क्रूंची लहान छिद्रे पाडावयाची आणि टोचणारे कोपरे गोल करावयाचे. केलेली प्रत्येक क्रिया संगणक क्रमाने नोंदवून ठेवतो. ही नोंद म्हणजे त्या भागाची जन्मकथाच होय. दहा पायऱ्या पुढे गेल्यावरही तिसऱ्या पायरीकडे परत जाऊन एखादे माप बदलता येते, आणि पुढच्या साऱ्या पायऱ्या त्यानुसार पुन्हा घडतात.

या बदलाचे महत्त्व दंतचक्रांच्या उदाहरणातच स्पष्ट होते. दंतचक्रांच्या दात्यांचा आकार ‘मॉड्यूल’ या मापाने सांगतात. दोन चक्रांच्या दात्यांची बेरीज करून तिला मॉड्यूलने गुणावे आणि दोनाने भागावे, म्हणजे त्यांच्या मध्यांतील अंतर मिलिमीटरमध्ये मिळते. मॉड्यूल १ असेल तर २० आणि ६० यांची बेरीज ८०, तिचे अर्धे ४०. म्हणजे दोन मुख्य छिद्रांत ४० मिलिमीटर अंतर हवे. ते ३९ झाले तर दाते एकमेकांत रुतून बसतील. ४२ झाले तर ते एकमेकांना जेमतेम टेकतील आणि भार येताच घसरतील.

आता समजा, मोसमाच्या मध्यावर संघाच्या ध्यानात आले, की मोटारीला वस्तू उचलताना फार जोर पडतो. ६० दात्यांच्या जागी ८० दात्यांचे चक्र बसविले तर जोर वाढेल. पूर्वी तो तिप्पट होत होता, आता घर्षणाचा भाग सोडल्यास चौपट होईल. हाताचा वेग मात्र त्याच प्रमाणात घटेल. परंतु चक्र बदलले, की मध्यांतील अंतरही बदलते. २० आणि ८० यांची बेरीज १००, तिचे अर्धे ५०. छिद्र १० मिलिमीटर सरकले पाहिजे आणि पट्टीही तेवढीच लांब झाली पाहिजे.

येथे दोन विद्यार्थ्यांच्या दोन रीती पाहाव्यात. एकाने ४० आणि १०० हे आकडे जागोजागी नुसते लिहून ठेवले आहेत. त्याला प्रत्येक आकडा शोधून बदलावा लागेल, आणि एखादा राहून गेला तर ती चूक धातू कापल्यावरच कळेल. दुसऱ्या विद्यार्थिनीने छिद्रांतील अंतर दात्यांच्या संख्येवरून काढावे, असे सूत्र लिहिले आहे. तसेच पट्टीची लांबी त्या अंतराहून ६० मिलिमीटरने अधिक असावी, असेही सांगून ठेवले आहे. ती ६० च्या जागी ८० लिहिते आणि छिद्र सरकते, पट्टी लांबते, कोपरे आपापल्या जागी राहतात. दोघांची चित्रे आरंभी अगदी सारखी दिसत होती. एकाने आकार काढला होता. दुसरीने आकारामागचे कारण काढले होते. कॅड शिकणे म्हणजे मुख्यतः हे कारण लिहावयास शिकणे होय.

भाग तयार झाले, की त्यांची जुळणी करावयाची. मोकळी वस्तू सहा प्रकारे हलू शकते: पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे व वर-खाली अशा तीन सरळ हालचाली आणि तीन अक्षांभोवतीची तीन भ्रमणे. दाराला बिजागरी बसविली, की त्यांपैकी पाच हालचाली बंद होतात आणि एक उरते. पडद्यावर दोन भाग जोडताना कोणती हालचाल ठेवावयाची आणि कोणती रोखावयाची, हे ठरवावे लागते. हाताचा आस आपल्या छिद्रात फिरला पाहिजे, पण बाहेर निसटता कामा नये. जुळणी नीट झाली असेल तर पडद्यावरचा हात माउसने धरून वर-खाली करता येतो. तो मोटारीला कोठे अडतो, चाकाला कोठे घासतो, हे पत्र्याचा एकही तुकडा कापण्यापूर्वी दिसते. १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर बाजूचा एक पारदर्शक घन यंत्राभोवती काढला, की मिटलेला हात नियमात बसतो किंवा नाही, याचाही निकाल लागतो.

संगणक वजनही सांगतो. १०० मिलिमीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद व ३ मिलिमीटर जाड पट्टीचे घनफळ १८ घन सेंटिमीटर होते. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम असल्यामुळे छिद्रे सोडून तिचे वजन ४८.६ ग्रॅम भरते. तीच पट्टी पोलादाची केली तर ते १४१ ग्रॅमच्या घरात जाते. सर्व भागांची वजने आणि जागा ठाऊक असल्या, की यंत्राचा गुरुत्वमध्य कोठे येतो, हे कळते. हात पुढे काढून वस्तू उचलताच यंत्र तोंडावर आपटेल किंवा काय, हा प्रश्न मग अंदाजावर सोडावा लागत नाही.

एवढे असले तरी पडदा म्हणजे कारखाना नव्हे, हे विसरता कामा नये. पडद्यावर ३ मिलिमीटरचा स्क्रू ३ मिलिमीटरच्या छिद्रात सहज जातो. प्रत्यक्षात तो अडतो. म्हणून अशा स्क्रूसाठी छिद्र ३.२ किंवा ३.४ मिलिमीटरचे ठेवतात. थ्री-डी प्रिंटरवर वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक देऊन भाग बनवितात, तेव्हा छिद्रे बहुधा ठरविल्यापेक्षा किंचित लहान येतात. त्यामुळे आधी एक लहानसा नमुना छापून, त्यात स्क्रू घालून पाहणे शहाणपणाचे ठरते. आणखी एक गोष्ट संगणक आपण होऊन सांगत नाही. स्क्रू बसला खरा, पण तो पिळण्यासाठी पाना आत शिरेल काय? सामन्यांच्या मधल्या अवधीत मोटार बदलावयाची वेळ आली तर हात तेथवर पोहोचेल काय? ज्याने स्वतः कधी पाना हाती धरला आहे, त्यालाच हे प्रश्न सुचतात. म्हणून आराखडा करणाऱ्याने अधूनमधून यंत्राजवळ जाऊन काम केले पाहिजे आणि यंत्र जोडणाऱ्याने आराखड्याजवळ येऊन बसले पाहिजे.

पंधरा जणांनी मिळून एक यंत्र करावयाचे, तर त्या सर्वांचा आराखडा एकच असला पाहिजे. ही साधी गोष्ट मोठमोठ्या कारखान्यांनाही किती महत्त्वाची वाटते, हे दोन विमानांच्या इतिहासावरून कळते. ‘बोईंग ७७७’ या विमानाने १२ जून १९९४ रोजी पहिले उड्डाण केले. संपूर्ण आराखडा संगणकावर तयार झालेले ते पहिले प्रवासी जेट विमान होते. त्यापूर्वी नळ आणि तारा एकमेकांच्या आड येत नाहीत ना, हे पाहण्यासाठी विमानाचा पूर्णाकृती नमुना बांधण्याची पद्धत होती. ‘७७७’च्या वेळी ही तपासणी पडद्यावरच करण्यात आली, कारण निरनिराळ्या भागांवर काम करणारे लोक एकाच संगणकीय आराखड्यात आपापले भाग बसवून पाहत होते.

दुसरे उदाहरण ‘एअरबस ए३८०’ या प्रचंड विमानाचे. त्याचे भाग युरोपातील निरनिराळ्या देशांत तयार होत. एका विमानात पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या तारा होत्या. जर्मनीतील अभियंते आराखड्यासाठी एका प्रणालीची जुनी आवृत्ती वापरीत होते, तर फ्रान्समधील अभियंते तिचीच नवी आवृत्ती वापरीत होते. दोहोंचा मेळ नीट बसला नाही. जर्मनीत बनलेले तारांचे जुडगे फ्रान्समधील तुलूझ येथे विमानात बसवू लागले, तेव्हा काही तारा आखूड पडल्या. २००६ मध्ये या अडचणीमुळे विमाने देण्याचे वेळापत्रक पुढे ढकलावे लागले आणि कंपनीला फार मोठा तोटा सोसावा लागला. त्या अभियंत्यांच्या बुद्धीत उणेपणा नव्हता. त्यांचा आराखडा एक नव्हता, एवढेच.

शाळेच्या संघातही हा धोका लहान प्रमाणावर रोज उभा असतो. एक विद्यार्थी इंचात मोजतो, दुसरा मिलिमीटरमध्ये. एकाजवळ सोमवारची प्रत असते, दुसऱ्याजवळ गुरुवारची. हे टाळण्यासाठी काही साधे नियम पुरतात. मापाचे एकक पहिल्याच दिवशी ठरवावे. भागांना ‘नवीन’, ‘नवीन-२’, ‘शेवटचा’ अशी नावे न देता ‘डाव्या हाताची पट्टी’ अशी अर्थपूर्ण नावे द्यावीत. आराखड्यात बदल केला, की तो कोणी केला आणि का केला, हे एका ओळीत लिहावे. कापण्यास पाठविण्यापूर्वी प्रत्येक आराखडा दुसऱ्या सोबत्याच्या नजरेखालून घालावा. आपली चूक दुसऱ्याच्या डोळ्याला लवकर दिसते, आणि ती दाखवून देणारा सोबती हा संघाचा खरा हितकर्ता असतो.

एके काळी ही विद्या मोठ्या कारखान्यांच्या भिंतींआड होती. तिला लागणारे संगणक खोलीएवढे असत आणि त्यांची किंमत सामान्य शाळेच्या कल्पनेपलीकडची होती. आज ‘फ्रीकॅड’ ही प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येते. ‘टिंकरकॅड’ अगदी नवशिक्यांना सोयीची आहे, तर ‘ऑनशेप’ या प्रणालीत अनेक विद्यार्थी निरनिराळ्या ठिकाणी बसून एकाच आराखड्यावर एकाच वेळी काम करू शकतात. विद्यार्थ्यांकडून तीही मोल घेत नाही. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानामुळे अनेक शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि थ्री-डी प्रिंटर लहान गावांतील मुलामुलींच्याही दृष्टीस पडला. साधन हाती आले. आता ते वापरण्याची शिस्त अंगी बाणविणे विद्यार्थ्यांकडेच आहे.

या शिस्तीचा आरंभ फार साधा आहे. घरातील एखादी लहान वस्तू घ्यावी: कंपासपेटीतील गुण्या, दाराची कडी किंवा डब्याचे झाकण. मोजपट्टीने किंवा व्हर्निअर कॅलिपरने तिची मापे घ्यावीत. प्रथम कागदावर तिची तीन दर्शने काढावीत आणि नंतर ती वस्तू पडद्यावर उभी करावी. प्रत्येक माप देताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ‘हे माप एवढेच का आहे?’ झाकणाचा व्यास डब्याच्या व्यासाहून किंचित अधिक का, कडीचे छिद्र कडेपासून दूर का, याचे उत्तर शोधता शोधता वस्तू पाहण्याची दृष्टी बदलते. आजवर जी केवळ वस्तू होती, तिच्यामागे कोणा कारागिराने केलेला विचार दिसू लागतो.

स्पर्धेतील सामना अडीच मिनिटांत संपतो. पुढच्या वर्षी खेळ बदलतो आणि मोठ्या कष्टाने बनविलेले यंत्र सुटे करून त्याचे भाग पुन्हा पेटीत ठेवावे लागतात. पारितोषिक मिळेल किंवा मिळणार नाही. परंतु करण्यापूर्वी विचार करणे, विचार नेमक्या मापांत मांडणे आणि मांडलेला विचार सोबत्यांना तपासू देणे, ही सवय ज्याला लागली, त्याच्याजवळची ही कमाई पेटीत ठेवावी लागत नाही. पुढे तो पूल बांधो, शेतीचे अवजार बनवो किंवा रुग्णासाठी कृत्रिम हात तयार करो, त्याच्या प्रत्येक कामाआधी एक बांधलेली, विचारपूर्वक ओढलेली रेषा असेल.

स्वाध्याय

१. कापण्याच्या हत्याराआधी आखण्याचे साधन हाती घ्यावे, असे का म्हटले आहे?
२. कागदावरील आराखड्यात कोणती उणीव होती? सदरलँडने ती कशी दूर केली?
३. ‘एकाने आकार काढला होता; दुसरीने आकारामागचे कारण काढले होते.’ या वाक्याचा अर्थ उदाहरणासह स्पष्ट करा.
४. मॉड्यूल १ असलेल्या २४ आणि ७२ दात्यांच्या दोन दंतचक्रांच्या मध्यांत किती अंतर असावे, ते काढा.
५. दोन विमानांच्या उदाहरणांवरून शाळेच्या संघाने कोणता बोध घ्यावा?
६. घरातील एका लहान वस्तूची मापे घेऊन तिची तीन दर्शने काढा आणि कोणत्याही दोन मापांमागील कारण लिहा.